नकाशा चौघांत वाचावा



निवृत्तीनंतर वेळ कसा घालवतोस, असे आपल्या तुकडीतल्या बऱ्याच जणांनी मला विचारले आहे. "जुने नकाशे बघायला जातो," असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "त्यात बघायचं काय?" संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा ठरवले की याच प्रश्नाचे उत्तर लिहावे. उत्तर थोडे लांबचे आहे. ते शिकागो, बर्लिन, लंडन असे फिरून शेवटी आपल्या घरातल्या ट्रंकेपाशी येते. तेवढी सवड कृपया द्यावी.

नोकरीच्या निमित्ताने शिकागोत माझी बरीच वर्षे गेली. त्या शहरात १८८७ साली स्थापन झालेले न्यूबेरी नावाचे संशोधन ग्रंथालय आहे. तिथली पुस्तके घरी नेता येत नाहीत, पण तिथे बसून कोणालाही वाचता येतात. जुन्या नकाशांचा तिथला संग्रह मोठा आहे आणि त्या नकाशांवर व्याख्याने होतात. १९७६ साली तिथे नकाशाप्रेमींची संस्था निघाली, ती 'शिकागो मॅप सोसायटी'. अशा सभांना प्राध्यापक येतात, तसेच वकील, दंतवैद्य, निवृत्त रेल्वे कर्मचारी आणि शाळेतले शिक्षकही येतात. तासभर व्याख्यान, मग प्रश्न, मग चहा-कॉफी. खरी गंमत चहाच्या वेळी. कोणी पिशवीतून गुंडाळी काढतो, कोणी भिंग काढतो, आणि दहा डोकी एका कागदावर वाकतात.

अशा बैठका जगात पुष्कळ ठिकाणी होतात. लंडनमध्ये १९८० साली नकाशा-संग्राहकांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिथल्याच वॉरबर्ग इन्स्टिट्यूटमध्ये १९९१ पासून 'मॅप्स अँड सोसायटी' नावाची व्याख्यानमाला चालू झाली. हा केवळ हौशी लोकांचा विरंगुळा आहे असे वरवर वाटते. पण नकाशांचा इतिहास हा विषय उभा राहिला तो अशाच बैठकांतून, आणि 'भारताला नकाशे ठाऊक नव्हते' हा शेरा पुसला गेला तोही त्याच परंपरेतून. ती हकीकत सांगतो.

एका निर्वासिताचे नियतकालिक

लिओ बॅग्रो हे रशियन आरमारातले जलसर्वेक्षण अधिकारी. जन्म १८८१. रशियात क्रांती झाल्यावर १९१८ साली त्यांनी देश सोडला आणि ते बर्लिनला आले. जुन्या नकाशांचे वेड त्यांच्याबरोबर आले. युरोपातल्या निरनिराळ्या शहरांत त्यांच्यासारखे एकेकटे वेडे होते, पण त्यांना एकमेकांची माहिती नव्हती. या सगळ्यांना एका जागी बोलता यावे म्हणून बॅग्रो यांनी १९३५ साली 'इमागो मुंडी' हे नियतकालिक काढले. ते फक्त जुन्या नकाशांच्या इतिहासाला वाहिलेले होते. महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, स्वीडिश स्नेह्यांच्या मदतीने ते स्टॉकहोमला पोचले आणि तिथून त्यांनी काम चालू ठेवले. १९५७ साली ते वारले. नियतकालिक आजही चालू आहे.

बॅग्रो यांनी नकाशाशास्त्राचा एक इतिहासही लिहिला. तो १९५१ साली जर्मनमध्ये आला आणि १९६४ साली इंग्रजीत. पुस्तक अतिशय देखणे आहे. पण त्यात भारताच्या वाट्याला जेमतेम दोन छोटे परिच्छेद आले आहेत. भारतात नकाशाशास्त्र म्हणावे असे काही नव्हते आणि त्याची कोणाला आवडही नव्हती, अशा आशयाचा शेरा मारून लेखक पुढे जातो. बॅग्रो यांना भारताचा आकस होता असे नाही. त्यांच्यासमोर कोणी भारतीय नकाशा पसरलाच नव्हता.

अशा शेऱ्याला आधार म्हणून एक जुनी गोष्टही हाताशी होती. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो याने जहांगीर बादशहाला मर्केटरचा नकाशासंग्रह भेट दिला. बादशहाने तो १६१७ साली सौजन्याने परत केला, कारण दरबारातल्या मुल्लांना तो वाचता येईना. यावरून पुष्कळांनी 'हिंदुस्थानात नकाशा कोणाला कळत नव्हता' असे अनुमान काढले. पण त्याच जहांगीरसाठी त्याच सुमारास अबुल हसन या चित्रकाराने काढलेले एक चित्र आहे. त्यात जहांगीर इराणच्या शाह अब्बासला आलिंगन देतो आहे आणि दोघे उभे आहेत ते पृथ्वीच्या गोलावर. गोलावर देश रेखाटलेले आहेत. जहांगीर उभा आहे तो सिंह मोठा आहे आणि शाहाच्या पायांखालची मेंढी पार कडेला सरकलेली आहे. नकाशाने काय बोलता येते, हे या दरबाराला चांगले ठाऊक होते. परकी लिपी येत नव्हती, इतकेच.

मुलाच्या नावाची व्याख्यानमाला

बॅग्रो यांच्यानंतर 'इमागो मुंडी'ची धुरा आर. ए. स्केल्टन यांनी सांभाळली. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या नकाशा-दालनाचे प्रमुख. बॅग्रो यांच्या इतिहासाची इंग्रजी आवृत्तीही त्यांनीच सुधारून सिद्ध केली. १९६४ सालीच लंडनमध्ये या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

इकडे शिकागोत केनेथ नेबेनझाल नावाचे जुन्या नकाशांचे व्यापारी होते. त्यांचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या स्मरणार्थ त्या पती-पत्नींनी न्यूबेरी ग्रंथालयात नकाशांच्या इतिहासावरची व्याख्यानमाला सुरू करून दिली. १९६६ साली पहिली व्याख्याने द्यायला स्केल्टन आले. त्यांनी विषय घेतला तो नकाशांचा अभ्यास आणि संग्रह कसकसा होत आला, हा. १९७० साली स्केल्टन गेले आणि ती व्याख्याने १९७२ साली पुस्तकरूपाने आली. व्याख्यानमाला चालूच राहिली. आजही दर काही वर्षांनी एक विषय घेऊन निरनिराळे अभ्यासक त्यावर बोलतात आणि नंतर त्याचे पुस्तक होते. आपल्याकडे आई-वडिलांच्या नावाने वसंत व्याख्यानमालेत एखादे पुष्प गुंफतात, तसेच हे. फरक एवढाच की त्या पुष्पांतून पुढे एक विद्याशाखा उभी राहिली.

त्याच ग्रंथालयात नकाशांची व्यवस्था पाहणारे एक तरुण इंग्रज अभ्यासक होते, डेव्हिड वुडवर्ड. १९७७ साली इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात ते आपले मित्र ब्रायन हार्ली यांच्याबरोबर लांब फिरायला गेले. चालता चालता दोघांनी ठरवले की नकाशांचा इतिहास नव्याने लिहायचा, आणि तो फक्त युरोपचा लिहायचा नाही. चार खंडांत काम आटपेल असा त्यांचा अंदाज होता. पहिला खंड १९८७ साली आला. पुढे खंड वाढत वाढत सहा झाले आणि एकेका खंडाचे दोन-दोन, तीन-तीन भाग झाले. हार्ली १९९१ साली गेले, वुडवर्ड २००४ साली. काम त्यांच्यानंतरही चालू राहिले.

हार्ली यांनी एक गोष्ट सर्वांच्या मनावर ठसवली. नकाशात काय दाखवले आहे हे तर बघावेच, पण काय गाळले आहे तेही बघावे. कोणाचे गाव आले, कोणाचे वगळले, कोणाचे नाव मोठ्या अक्षरात लिहिले, यात सत्ता दिसते. १७८२ साली जेम्स रेनेलने 'हिंदुस्थान'चा नकाशा छापला. आपण त्यात लगेच पुणे, सातारा शोधू लागतो. कोपऱ्यातल्या चित्राकडे मात्र लक्ष जात नाही. तिथे ब्राह्मण पंडित आपल्या पोथ्या ब्रिटानिया देवीच्या हाती सोपवताना दाखवले आहेत. प्लासीनंतर पंचवीस वर्षांनी काढलेले हे चित्र. पेशवाई अजून छत्तीस वर्षे टिकायची होती, पण नकाशाच्या कोपऱ्यात निकाल आधीच लिहून झाला होता.

शेरा कसा पुसला गेला

नव्या इतिहासात दक्षिण आशियावर लिहायचे काम आले ते अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचे भूगोलाचे प्राध्यापक जोसेफ श्वार्ट्सबर्ग यांच्याकडे. १९७८ साली त्यांचा दक्षिण आशियाचा ऐतिहासिक नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला होता. दुसरीकडे सुझन गोल या इंग्रज बाई भारताच्या जुन्या नकाशांचा पिच्छा पुरवत होत्या. १९७६ साली त्यांनी युरोपीयांनी काढलेल्या भारताच्या जुन्या नकाशांवर पुस्तक लिहिले. नंतर त्यांनी प्रश्न उलटा केला : भारतीयांनी स्वतः काढलेले नकाशे कुठे आहेत? संग्रहालये, राजवाडे आणि दप्तरखाने धुंडाळून १९८९ साली त्यांनी भारतीय नकाशे आणि आराखडे यांचा ग्रंथ सिद्ध केला.

१९९२ साली श्वार्ट्सबर्ग यांचे लेखन प्रसिद्ध झाले. बॅग्रो यांच्या दोन परिच्छेदांच्या जागी आता दोनशेहून अधिक मोठी पाने होती. त्यात १६४७ सालचा जौनपूरच्या सादिक इस्फहानीचा जगाचा नकाशा आहे, कच्छच्या मालमांचे सागरी नकाशे आहेत, राजपूत दरबारांचे कापडावरचे आराखडे आहेत आणि श्रीनगर शहर भरतकामात काढलेली काश्मिरी शालही आहे. मराठेशाहीतले मोडी अक्षरांतले नकाशेही आहेत. या नकाशांना बहुधा एकसारखे प्रमाण नसते. डोंगर आणि झाडे समोरून पाहिल्यासारखी काढलेली असतात. नावे चारी दिशांनी लिहिलेली असतात, कारण कागद जमिनीवर पसरून त्याच्याभोवती बसायचे असे. म्हणजे तो नकाशा मुळातच चौघांनी मिळून वाचण्यासाठी केलेला होता.

हे भारतीय ज्ञान युरोपीय नकाशांत आधीपासून मिसळलेले होते, हेही आता नीट दिसू लागले. रेनेलने आपल्या ग्रंथात सदानंद नावाच्या ब्राह्मणाचा गौरवाने उल्लेख केला आहे. गुजरातचा त्याने केलेला नकाशा रेनेलला सर चार्ल्स मॅलेट याच्याकडून मिळाला. पुण्याच्या पेशवे दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट असलेला तोच हा मॅलेट. रेनेलचे नाव इतिहासात राहिले. सदानंदाचे नाव राहिले ते रेनेलने ते प्रामाणिकपणे लिहिले म्हणून.

टेबलाभोवती

आता मूळ प्रश्नाकडे येतो : बघायचे काय?

छापील जुना नकाशा हाती आला की जाणकार आधी तो उलटा करतो. १५७० साली अँटवर्पला ऑर्टेलियसने पहिला आधुनिक नकाशासंग्रह काढला. त्यातल्या नकाशांच्या पाठीमागे मजकूर छापलेला असे. त्या मजकुराची भाषा आणि जुळणी यांवरून नकाशा कुठल्या आवृत्तीतला ते ठरते. मग कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह शोधायचे. कडेने बोट फिरवून तांब्याच्या पत्र्याचा दाब लागतो का ते पाहायचे, कारण ताम्रपटावरून छापताना पत्र्याच्या कडा कागदात चौकटीसारख्या उमटतात. हिरवा रंग तपासायचा. जुना हिरवा रंग तांब्यापासून करत आणि तो हळूहळू कागद खातो, म्हणून पाठीमागे तपकिरी डाग दिसतात. एकट्याला यातले एखादे सुचते. चौघे असले की चारही सुचतात.

व्याख्यानांच्या ओळखीतून आम्हा सात-आठ जणांची एक घरगुती बैठक जमली होती. दर वेळी एकाने एक कागद आणायचा. एका पाळीला मी आमच्या गावच्या शेताच्या जुन्या टिपणाची नक्कल नेली. आकृतीच्या कडेला आकडे होते, '३-८', '५-१२' असे. एका निवृत्त इंजिनियरने विचारले, "हा शेतसारा आहे का?" दुसऱ्याने विचारले, "दुसरा आकडा सोळाच्या पुढे का जात नाही?" मी दुसऱ्या दिवशी गावाकडे काकांना फोन लावला. काकांची सारी हयात भूमापन खात्यात साखळी ओढण्यात गेलेली.

ते हसून म्हणाले, "अरे, ते पैसे नव्हेत. तीन साखळ्या, आठ आणे. साखळी तेहेतीस फुटांची, तिचे आणे सोळा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, म्हणजे गुंठा झाला. चाळीस गुंठ्यांचा एकर. शाळेत शिकलास की नाही?"

गुंठा शाळेत शिकलो होतो, पण तो साखळीच्या चौकोनातून आला हे मला कोणी सांगितले नव्हते. १८३० नंतर इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी जमीनमोजणी बसवली, तिच्या आधारावर आपले सर्व्हे नंबर, बांध आणि सातबारा उभे आहेत. त्या मोजणीच्या साखळीत रुपयाचे आणे होते, कारण शेतकऱ्याला आणि शिपायाला सोळाचा हिशेब तोंडपाठ असे. पुढच्या बैठकीत मी हे सांगितले, तेव्हा त्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. खरे तर त्या टाळ्या काकांच्या होत्या. काकांकडून आणखी बरेच विचारून घ्यायचे ठरवले होते : बांधाच्या खुणा, दगडांची चिन्हे, आकृतीतली आखूड अक्षरे. दोन वर्षांनी काका गेले. टिपण माझ्याकडे आहे. त्यातल्या चार खुणा मात्र आता वाचता येत नाहीत.

प्रेमाची दुसरी बाजू

या छंदाला काळी बाजूही आहे. पूर्ण नकाशासंग्रहाला जेवढी किंमत येते, त्याहून त्याची पाने सुटी करून विकली तर जास्त येते. म्हणून कित्येक जुने ग्रंथ फोडले गेले आणि त्यांची पाने चौकटीत बसून दिवाणखान्यांत गेली. २००५ साली अमेरिकेतला एक नामवंत नकाशा-व्यापारी येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात पकडला गेला. त्याच्या हातून पडलेले पाते एका कर्मचाऱ्याला जमिनीवर सापडले. निरनिराळ्या ग्रंथालयांतून ९७ नकाशे चोरल्याची त्याने कबुली दिली आणि त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. तो बाहेरचा चोर नव्हता. याच व्याख्यानांना येणारा, सगळ्यांच्या विश्वासातला माणूस होता. त्यानंतर ग्रंथालयांनी पहारे कडक केले, नकाशांची छायाचित्रे काढून ठेवली, याद्या पुन्हा तपासल्या. त्यातला धडा सोपा होता : ज्या नकाशाची नोंद आणि छायाचित्र आहे, तो चोरला तरी ओळखता येतो. नोंद नसेल, तर तो गेला हेसुद्धा कळत नाही.

आपल्याकडे पाते घेऊन कोणी येत नाही. आपल्याकडे वाळवी येते, वाटणीच्या वेळी ट्रंक रद्दीत जाते, आणि हौसेने केलेले लॅमिनेशन कागदाचा घात करते.

आपली परंपरा आणि एक विनंती

अशा बैठका आपल्याला परक्या नाहीत. १९१० साली वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. मंडळाच्या पाक्षिक सभांत कोणी एखादे अस्सल पत्र, सनद किंवा यादी मांडे, त्यावर निबंध वाचे आणि बाकीचे ते तपासून पाहत. गावोगावच्या दप्तरांतले कागद त्या सभांमुळे उजेडात आले. २०१५ साली दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात हैदराबादच्या एका खासगी संग्रहातल्या भारतीय नकाशांचे मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा लोक पटचित्रांसारख्या त्या नकाशांपुढे थबकून उभे राहिले. आवड आहे. बसायला जागा हवी.

म्हणून मेळाव्याच्या आयोजकांना माझी विनंती आहे. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर भूगोलाच्या वर्गात एक मोठे टेबल मोकळे ठेवावे. प्रत्येकाने घरातला एखादा नकाशा किंवा त्याचा स्वच्छ फोटो आणावा : गाव नकाशा, टिपण, विहिरीच्या वाटणीचा आराखडा, आजोबांनी काशीयात्रेहून आणलेला तीर्थक्षेत्राचा पट, जुन्या रेल्वे वेळापत्रकातला मार्गदर्शक नकाशा, काहीही. टेबलावर पेन नको, फक्त पेन्सिल. चहाचे कप दुसऱ्या टेबलावर. चिकटपट्टी लावायची नाही. कागद ज्याचा त्याने घरी न्यायचा, फोटो मात्र शाळेच्या संगणकात ठेवायचा आणि त्याबरोबर दोन ओळी : हा कुठला, कोणाकडून आला, त्यातली कुठली खूण कोणी वाचून दाखवली.

आपल्या तुकड्यांत तलाठी आहेत, भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले आहेत, मोडी येणारे दोन-तीन सर आहेत. त्यांना आग्रहाने बोलवावे. आणि सध्याच्या नववीतली मुले त्यांच्या शेजारी बसवावीत. त्यांना व्याख्यान द्यायचे नाही, एकेक कागद पुढे सरकवायचा आणि विचारू द्यायचे. 'तीन-आठ म्हणजे काय?' असे एखाद्या मुलीने विचारले आणि उत्तर देणारा त्या खोलीत असला, तर मेळाव्याची दुपार सार्थकी लागली असे मी समजेन.